गच्चीवरच्या घराची रंगीत तालीम

त्या घरात फ्रीज आणि न्हाणीघर यांचं जुनं वैर होतं. एकाचं दार उघडं असलं की दुसऱ्याचं उघडत नसे. त्यामुळे आंघोळ करून बाहेर येणाऱ्यानं आधी आतून "येतोय!" अशी आरोळी ठोकायची आणि दूध काढायला वाकलेल्यानं फ्रीज लावून बाजूला व्हायचं, असा रिवाजच पडून गेला होता. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. पाहुण्यांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा या घरच्या नवऱ्याचा एक लाजाळू मित्र आरोळी ठोकायला संकोचला आणि बराच वेळ आतच उभा राहिला. त्याचा चहा गार झाल्यावर लोकांना त्याची आठवण झाली.

हे घर घाईत घेतलेलं होतं. भाड्याचंच तर आहे, चार दिवस काढू, म्हणून नवरा-बायकोनं संध्याकाळच्या उन्हात रिकामी खोली बघितली, "केवढा उजेड!" म्हणून हुरळून गेले आणि हो म्हणून मोकळे झाले. त्या चार दिवसांची कितीतरी वर्षं झाली. उजेड अजूनही यायचा, पण तो कपाटाच्या पाठीवर पडायचा. आता मालकाला घर परत हवं होतं आणि यांनी स्वतःचं घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा चष्मेवालीनं मनाशी खूणगाठ बांधली, की या वेळी हुरळायचं नाही.

चष्मेवाली म्हणजे या घरची सून. तिला स्वतःला चष्मा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक काच काढून दुसरी घालायची आणि विचारायची, "आत्ताचं बरं दिसतंय, की मघाचं?" ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी भाजीत मीठ वाढवल्यावरही ती नवऱ्यापुढे चमचा धरून हेच विचारायची. नवरा दोन्ही वेळा "छान" म्हणायचा. तो एका प्रवास कंपनीचं काम घरून करायचा, फोनवर लोकांची तिकिटं बदलून द्यायचा, आणि फोनवर बोलताना त्याला एका जागी बसवत नसे. बोलत बोलत तो घरभर फेऱ्या मारायचा आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नडगी आपटून घ्यायचा. पलीकडच्या गिऱ्हाईकांना वाटायचं, आपलं तिकीट रद्द झालं म्हणून हा बिचारा कळवळतोय.

तिला चष्मेवाली हे नाव ठेवलं सासऱ्यांनी. अण्णा जन्मभर एका नाटक कंपनीत रंगमंच व्यवस्थापक होते. नट काय बोलतो हे सगळे बघतात. पण त्याच्या हाती वेळेवर कप आला कुठून, तो बसला तिथे खुर्ची होती कशी, आणि दार ऐन वेळी अडकलं कसं नाही, हे बघणारा तो माणूस. तिसरी घंटा द्यायचं कामही त्यांचंच. कंपनी बंद पडली तरी ती पितळी घंटा त्यांच्यापाशीच राहिली. सासूबाई गेल्यावर ते घंटा घेऊन मुलाकडे राहायला आले. रात्री बाहेरच्या खोलीत त्यांची घडीची खाट पडायची आणि सकाळी बाकीचे उठायच्या आत मिटून दारामागे जायची. नेपथ्यबदल अंधारातच करायचा असतो, असं ते म्हणायचे. त्यांना अंथरुणात पडलेलं नातीनं, टिल्लीनंसुद्धा क्वचितच पाहिलं होतं. सगळे उठायचे तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या ओट्याशी चहा गाळत उभे असायचे, आणि सून-सासऱ्यांच्या दिवसभराच्या गप्पांतल्या निम्म्या गप्पा तिथेच उरकायच्या.

घरं बघायला सुरुवात झाली त्याच दिवशी अण्णा वर्तमानपत्राची घडी घालता घालता म्हणाले होते, "तुम्ही तुमच्या सोयीचं बघा रे. मी काय, ताईकडे जाईन. तिचं घर रिकामंच आहे."

"काहीतरीच काय अण्णा!" म्हणून नवऱ्यानं विषय उडवून लावला आणि फोन घेतला. चष्मेवालीच्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. ताई म्हणजे नवऱ्याची आत्या. ती राहायची पार दुसऱ्या गावाला, आणि तिला ऐकू कमी यायचं. तिथे अण्णा बोलणार कुणाशी? पण हे त्यांना सरळ विचारायचं तिच्या जिभेवर येईना. विचारलं, आणि ते खरंच "हो, जाणार" म्हणाले तर? त्यापेक्षा असं घर शोधू की त्यांना जावंसंच वाटणार नाही, असं तिनं ठरवलं. घर तर हवंच होतं, पण अण्णांसकट हवं होतं.

घरं दाखवणाऱ्या एजंटाचं नाव अण्णांनी पहिल्याच दिवशी "आरामात" ठेवलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या जगात प्रत्येक वस्तू प्रत्येक ठिकाणी आरामात मावायची. त्यानं बरीच घरं दाखवली आणि शेवटी दोनच उरली. पहिलं नव्या इमारतीत होतं. ते घर अजून पुरं व्हायचं होतं, म्हणून तळमजल्यावर सजवून ठेवलेलं नमुन्याचं घर त्यानं दाखवलं. मोठी बैठकीची खोली, तिच्यातच उघडं स्वयंपाकघर, पुढे बाल्कनी, आत दोन खोल्या. गुळगुळीत फरशी, मऊ दिवे.

"बघा, डबल बेड आरामात बसलाय," एजंट म्हणाला.

अण्णांनी गुपचूप चपला काढल्या आणि ते त्या बेडवर सरळ आडवे झाले. अण्णा काही ताडमाड नव्हते, तरी त्यांची दोन्ही पावलं घोट्यांपासून बाहेर लोंबकळायला लागली.

"अण्णा, उठा ना!" नवरा हळूच म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"कुणी लावलंय हो हे नेपथ्य?" अण्णांनी छताकडे बघत विचारलं. "फक्कड काम आहे. सामान सगळं वीतभर लहान केलंय, म्हणून खोली मोठी दिसते. आम्ही राजवाडा दाखवायचो तो असाच. आणि आतली दारं तर काढूनच टाकलीत! हे मला सुचलं नव्हतं."

तेव्हा कुठे बाकीच्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण खोल्या-खोल्यांतून फिरतोय, पण एकही दार उघडलेलं नाही.

"दारं पॉलिशला गेलीत साहेब," एजंट म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. येतील, आरामात येतील." आणि तोही हसायला लागला.

दुसरं घर जुन्या इमारतीत होतं. दारातून आत शिरलं की लांबलचक बोळ, त्याच्या एका बाजूला खोल्या, टोकाला स्वयंपाकघर. त्याला चक्क दार. स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली, खिडकी असलेली, आणि त्या खिडकीतून दिसत होतं एक गॅरेज. एजंट म्हणाला, "ही सामानाची खोली. अडगळ आरामात मावेल." नवरा म्हणाला, "घर कसलं, बोगदा आहे हा." बाल्कनी नव्हती. टिल्लीनं नाक मुरडलं. ते घर तिथेच बाद व्हायचं. पण चष्मेवालीनं ते ठेवून घेतलं, कारण एकाच काचेवरून नंबर काढायचा नसतो. एजंटाला रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"नुसतं बघून घर कळत नाही," अण्णा घरी आल्यावर म्हणाले. "रिकामा रंगमंच नेहमी मोठाच दिसतो. तालीम करा. खडूनं आखून, खऱ्या मापाची. मग कळेल कोण कुणाला धडकतंय."

त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी ती जुनी चमक आली होती. ते बघून चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. ताईकडे जाणारा माणूस कशाला इतका जीव ओतेल, असा तिनं आपला सोयीचा अर्थ लावला.

मग काय, अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. दोन्ही घरांची मापं मुलाला बरोबर नेऊन आणली, दार कुठल्या बाजूला किती उघडतं तेसुद्धा. शनिवारी घरातलं सगळं सामान मोजलं. टेपचं एक टोक मुलाच्या हातात, दुसरं त्यांच्या. बेड, कपाट, फ्रीज, जेवायचं टेबल, टिल्लीचं टेबल, चपलांचा स्टँड. टिल्लीचं व्हायोलिनही मोजलं, तेही वाजवताना कोपर किती बाहेर येतं त्यासकट. टिल्ली व्हायोलिन शिकत होती. अजून फारशी शिकलेली नव्हती, त्यामुळे ते वाजायला लागलं की घरातली दारं लागतात की नाही हा प्रश्न फार महत्त्वाचा होता.

रविवारी सकाळी इमारतीच्या गच्चीवर पहिलं घर उभं राहिलं. म्हणजे आडवं राहिलं. अण्णांनी गुडघ्यांवर बसून पांढऱ्या खडूनं भिंती आखल्या, पिवळ्यानं दारं. उलट्या बादल्यांचा ओटा झाला, खोक्यांवर खोकी ठेवून फ्रीज झाला, दोन सतरंज्यांचे बेड झाले आणि जुन्या पडद्याच्या दांडीचं कपाट झालं. अण्णा हातात घंटा घेऊन पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले.

"प्रवेश पहिला. सकाळ. शाळा, दुकान आणि कामावरचा पहिला फोन, सगळं एकदम. जो तो आपापलं रोजचं काम करेल. दार असेल तिथे दार उघडायचं, भिंतीतून कुणी जायचं नाही!"

घंटा झाली आणि बघता बघता तारांबळ उडाली. चष्मेवाली दूध काढायला गेली तर फ्रीजचं दार थेट टेबलाच्या खुर्चीवर आपटत होतं. टिल्ली न्हाणीघराच्या चौकोनात उभी राहून मन लावून दात घासायचा अभिनय करत होती आणि बाहेर पडायला तयार नव्हती. नवरा हवेतला फोन कानाला लावून "हो साहेब, खिडकीची जागा देतो," म्हणत उलटा चालत आला आणि बाल्कनीच्या कठड्यावरून खाली पडला. म्हणजे रेघेच्या पलीकडे गेला.

"मेलास," अण्णा म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू धुण्याची बादली घेऊन वर आल्या आणि सरळ झोपायच्या खोलीतून चालत निघाल्या.

"काकू, भिंत!" टिल्ली किंचाळली.

काकू एक पाय वर धरून तशाच थबकल्या. "अगं बाई! कुठंय?"

"तुमच्या पोटात आहे आत्ता."

काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण गेल्या नाहीत. धुणं दोरीवर टाकून, बादली पालथी घालून टाकीच्या सावलीत बसल्या, आणि "फ्रीज तिकडे सरकवा, मी म्हणते," असा सल्ला द्यायला लागल्या. सल्ला बरोबर होता. फ्रीज सरकला. टेबल भिंतीला लागलं. टिल्लीचा बेड खिडकीखालून दाराच्या मागे गेला. नवऱ्यानं फोनवर चालायचा रस्ता बाल्कनी सोडून सोफ्याभोवती आखून घेतला, आणि टिल्लीला व्हायोलिन दार लावूनच वाजवायचं असा कायदा झाला. पुन्हा घंटा, पुन्हा सकाळ. एवढ्या सकाळी एका सकाळीत त्या घरानं कधी बघितल्या नव्हत्या. शेवटची तालीम मात्र अशी सुरेख झाली, की कुणाचा कुणाला धक्का नाही, कुणी कुणासाठी थांबलेलं नाही. डबा, दप्तर, फोन, सगळं लोण्यासारखं सरकत गेलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

"घेऊन टाकू या," नवरा घाम पुसत म्हणाला. "बाल्कनी तर झकास आहे. उभ्या उभ्या प्रेमात पडलो मी."

"पडलासच होतास मघाशी," अण्णा म्हणाले. "थांबा, अजून रात्रीचा प्रवेश राहिलाय. झोपताना पाय कुठे येतात तेही बघायला हवं. चला, आपापल्या जागी."

डोक्यावर लख्ख ऊन होतं. तिघंही निमूटपणे सतरंज्यांवर आडवी झाली. टिल्लीनं लगेच घोरायला सुरुवात केली.

"दिवे गेले," अण्णांनी हळू आवाजात सांगितलं आणि घंटा अगदी हलकेच वाजवली.

चष्मेवाली कुशीवर वळली. तिला खूप बरं वाटत होतं. जमिनीला गाल लावून बघितलं की खडूच्या भिंती दिसेनाशा होतात आणि फक्त माणसांचे पाय दिसतात. टिल्लीचे पाय तिच्या खोलीत होते. नवऱ्याचे शेजारीच होते आणि रेघेच्या आत होते. आणि अण्णांचे पाय पार पलीकडे, घराच्या बाहेर, टाकीपाशी, शेजारी शेजारी नीट ठेवल्यासारखे उभे होते. घंटा त्यांनाच द्यायची म्हटल्यावर ते बाहेरच असणार, असं आधी तिला वाटलं. आणि मग बरोबर नंबराची काच बसावी तसं तिला एकदम लख्ख दिसलं.

ती उठून बसली. "अण्णा, तुम्ही कुठे झोपलात?"

"मी? मी विंगेत आहे."

"तसं नाही. या घरात. रात्र झालीय ना? तुमची खाट कुठंय?"

अण्णांनी बैठकीच्या खोलीवरून नजर फिरवली, मग बाल्कनीवरून, मग आतल्या दोन खोल्यांवरून. बादल्या होत्या, खोकी होती, चपलांच्या स्टँडचीही जागा होती.

"राहिलीच की गं," ते म्हणाले.

टिल्लीचं घोरणं थांबलं. नवरा धडपडत उठला. "असं कसं होईल? मी स्वतः टेप धरली होती. एकेक वस्तू मोजलीय." मग त्याला आठवलं. "बाहेरच्या खोलीत मी दाराला टेकून उभा होतो. खाट दाराच्या मागे होती."

"जाऊ दे रे, तुझी काय चूक," अण्णा म्हणाले. "जन्मभर नकाशे काढले, त्यात स्वतःला कधी काढलं नाही. व्यवस्थापक लोकांना दिसला की खेळ फसला. हात त्याच वळणावर गेला." ते घंटेचा लोलक बोटानं धरून म्हणाले, "खरं सांगू? मघाशी मधल्या तालमीत आलं होतं माझ्या लक्षात. पण तेवढ्यात सगळं इतकं छान जमून आलं. कुणी कुणाला धडकत नव्हतं. म्हटलं, मांडलेलं मोडायचं कशाला? तशीही ताई बोलावतेच आहे."

चष्मेवालीला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला, निम्मा अण्णांचा आणि निम्मा स्वतःचा. दिवसभर लोकांना दिसतंय का, दिसतंय का म्हणून विचारते, आणि रोज सकाळी मिटून जाणारी एक खाट मला दिसू नये?

"ताई नाही आणि फाई नाही!" ती म्हणाली. सासऱ्यांसमोर इतक्या वरच्या पट्टीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही तिकडे गेलात तर सकाळी मी बोलू कुणाशी? हा फोनवर, ही न्हाणीघरात. मला उठल्यावर ओट्याशी तुम्ही दिसायला हवे. कुणी कुणाला धडकत नाही म्हणे! घरात एक माणूस कमी केल्यावर कोण कशाला धडकेल?"

"मी आत्याला फोन करतो," टिल्लीनं म्हणावं तसं नवरा म्हणाला, "की अण्णांना वेळ नाही." आणि तो तरातरा जिना उतरून गेला. परत आला तो खाट डोक्यावर घेऊन. दाराच्या मागे राहून राहून तिच्या एका अंगाला भिंतीचा चुना लागला होता.

मग त्या सुरेख घरात अण्णांना बसवायचा खटाटोप सुरू झाला. बैठकीच्या खोलीत खाट उघडली तर बाल्कनीचं दार बंद पडलं आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याला अण्णांना ओलांडून जावं लागू लागलं. टिल्लीच्या खोलीत नेली तर खोलीचं दारच उघडेना. टिल्ली खिडकीतून ये-जा करायला तयार होती, पण घर चौथ्या मजल्यावर होतं.

"सकाळी मिटून ठेवीन ना मी," अण्णा म्हणाले. "सवय आहे मला."

"मिटायची नाही," चष्मेवाली म्हणाली. "आता जन्मात मिटायची नाही ती. फडकं आणा कुणीतरी."

काकूंनी आपल्या धुण्यातलं एक ओलं फडकं पुढे केलं. बाल्कनीवर ओलं फडकं फिरलं तेव्हा नवऱ्यानं क्षणभर डोळे मिटून घेतले, पण त्यानं अडवलं नाही. वाळलेल्या फरशीवर अण्णांनी दुसरं घर आखायला घेतलं. आता खडू अण्णांच्या हातात जड झाला होता. रेघ ओढता ओढता ते पुटपुटत होते, "माझ्यापायी बोगद्यात जाऊन राहणार. शहाणी माणसं असं करतात का?"

"आधी तालीम करू," ती म्हणाली. "फसलं तर फसलं."

या वेळी घंटा व्हायच्या आधीच अण्णांना रेघेच्या आत उभं केलं होतं, स्वयंपाकघराशेजारच्या त्या अडगळीच्या खोलीत. सकाळ झाली. अण्णा खोलीतून निघाले आणि लगेच ओट्याशी पोचलेसुद्धा. चष्मेवाली त्यांच्या शेजारी येऊन कप पुढे करून उभी राहिली. दोघांना पुरेल एवढी जागा होती आणि फ्रीजचं दार कुणाच्याही वाटेत नव्हतं. टिल्ली पार दुसऱ्या टोकाला, दोन बंद दारांच्या पलीकडे व्हायोलिन वाजवत होती आणि चक्क सुसह्य वाटत होती. आणि नवरा! तो फोन कानाला लावून बोळात शिरला, टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. सरळ, मोकळा, बिनकोपऱ्यांचा रस्ता. नडगीला लागेल असं वाटेत काही नव्हतंच.

"अरे, हे तर माझ्यासाठीच बांधलंय!" तो मध्येच थांबून ओरडला. "तुम्हाला नाही साहेब, तुम्ही बोला."

त्याला हवेतल्या फोनवरच्या हवेतल्या साहेबाची माफी मागताना बघून काकू हसून हसून बादलीवरून घसरल्या. बाल्कनी नव्हती ती नव्हतीच, आणि गॅरेजातली ठोकठोक सोसावी लागणार होती. चपलांच्या स्टँडला तर कुठेच जागा सापडेना, शेवटी त्याला दाराबाहेर काढलं.

चष्मेवाली अण्णांसमोर येऊन उभी राहिली. "सांगा आता. नीट बघून सांगा, घाई नाही. आत्ताचं बरं दिसतंय, की मघाचं?"

अण्णांनी चारही बाजूंना बघितलं.

"आत्ताचं," ते म्हणाले.

नवऱ्यानं खरा फोन काढून एजंटाला लावला. "आम्हाला बोगदा हवाय," त्यानं सांगितलं. "हो, तोच. मावतंय ना, सगळं मावतंय. आरामात!"

"खाट तेवढी आखायची राहिलीय," चष्मेवालीनं खडू अण्णांच्या हातात ठेवला. "तुमची तुम्ही काढा."

अण्णा त्या छोट्या खोलीत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खिडकीखाली, भिंतीला अगदी चिकटून, अंग चोरून बसल्यासारखा एक चौकोन काढला. चष्मेवालीनं तो वरून बघितला, खालून बघितला.

"अण्णा, ही त्या नमुन्याच्या घरातली आहे का? पाय बाहेर येतायत तुमचे."

अण्णा हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ओल्या फडक्यानं तो चौकोन स्वतःच पुसून टाकला आणि नवा काढला, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ऐसपैस. त्यात सतरंजी टाकली आणि ते उताणे झोपले. डोकं आत होतं, पावलंही आत होती.

"आता घंटा कोण देणार?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

टिल्लीनं घंटा उचलली आणि अशी दणदणून वाजवली, की खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून बघायला वर आले आणि सरळ भिंतीतून आत शिरले.